एक किलोचं घर

नागभीड,
१९ ऑगस्ट २०२४

ती. गुणाबाईस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शिवाय छत्तीस वर्षं स्टेशन मास्तरकी केलेल्या माणसाचा तोंडी गोष्टीवर भरवसाही नसतो.

आपल्या रिनासाठी तू सुचवलेल्या मुलाची चौकशी केली. अश्वजित मेश्राम, वय एकोणतीस, शिक्षण एम.एस्सी., काम ग्रामसभांच्या जंगलात फिरून झाडं मोजण्याचं. झाडं कुठे पळून जात नाहीत, तरी हा दर वर्षी मोजतो. तेही सोडलं. मी फोनवर विचारलं, की जंगलात मुक्कामाला कुठे असता. म्हणाला, पोंचोत. हा पोंचो म्हणजे काय, तर फौजेतून रिटायर झालेल्या मामाने दिलेला रेनकोट! दोन झाडांना दोरी बांधायची, तिच्यावर रेनकोट टाकायचा, चारही कोपरे खुंट्यांना ताणायचे, की झालं घर. वजन एक किलोच्या आत, हेही त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

बाई, पोंचो कसला, सगळा पोचट कारभार आहे. ज्या छपराला मधोमध डोकं घालायचं भोक आहे, त्याखाली राहणाऱ्याला मी पोरगी देऊ? वाघांचा मुलूख, आणि साहेबांना भिंतही नको, दारही नको.

रिना सरकारी दवाखान्यात नर्स आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे. लग्न करीन तर त्याच्याशीच, म्हणते, पण बाबा हो म्हणतील तेव्हाच. म्हणजे पोरगी जन्मभर घरात बसली तर दोष माझा. तिची आई असती तर हे माझ्या गळ्यात आलं नसतं.

लोभ ठेव, पण स्थळं पाठवू नको.

तुझा,
धनराज

*

कुरखेडा,
२७ ऑगस्ट २०२४

चि. धनराज यास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेजारच्या सुकरीला वाचून दाखवलं, तिला फार हसू आलं.

तुला घराची एवढी ओढ केव्हापासून लागली? छत्तीस वर्षं रेल्वेच्या क्वार्टरात राहिलास, त्यातली एक वीट तरी तुझी होती का? भोकाचं म्हणशील, तर त्या रेनकोटाची टोपी पिळून नाडीने घट्ट बांधतात, थेंब आत येत नाही. टोपीचं तोंड बांधता येतं, तुझं येत नाही, एवढाच फरक. वाघाचंही सांगते. तो एकटा नसतो, गावचा पत्रू सोबत असतो, आणि पत्रू म्हणेल तिथेच मुक्काम करतात. वाघाची तुझ्यापेक्षा त्या दोघांना जास्त माहिती आहे.

मी तीस वर्षं अंगणवाडीत पोरं पाहिली. कोणतं पोरगं मोठं होऊन कसं निघेल हे मला बरंच कळतं. दुरून डोंगर साजरे दिसतात म्हणतात, तुला दुरूनच ते भकास दिसतात. ये आणि स्वतः पाहा. येताना पायात चांगले बूट घाल, ते लग्नातले पांढरे नकोत.

माया आहेच, ती तू बोलून बोलून कमी करू नकोस.

तुझी,
बाई

*

नागभीड,
२३ सप्टेंबर २०२४

ती. गुणाबाईस,
सविनय जयभीम वि. वि.

तुझ्याकडून परत आलो तो सर्दी घेऊनच. तुझ्या दारात मी काही बोललो नाही, कारण पत्रू तिथेच बसून माझ्या ओल्या पँटकडे पाहत होता. आता सांगतो, नाही म्हणजे नाही. कारण मात्र तुला वाटतं ते नाही.

अश्वजित आणि पत्रूसोबत मी जंगलात गेलो, तिथे दुपारी तीनच्या सुमारास वाऱ्यासकट पाऊस आला. अश्वजितने पाच मिनिटांत त्याचं ते छप्पर उंचवट्यावर दोन झाडांमध्ये ताणलं, वाऱ्याकडची बाजू जमिनीला टेकवून. मला खोटं बोलायची सवय नाही. मी आत बसलो आणि कोरडा होतो. पण माझ्या पाठीला वारा लागत होता, म्हणून मी म्हणालो की हे खाली, त्या दरडीच्या आडोशाला बांधा. तो एकदाच म्हणाला, "काकाजी, तिथी पाणी येते." मी म्हणालो, पाऊस मला शिकवू नका, मी पावसात गाड्या काढल्या आहेत. झालं. त्याने एक शब्द न बोलता दोऱ्या सोडल्या आणि मी दाखवलेल्या जागी छप्पर पुन्हा बांधलं. पत्रू आला नाही, वरच भिजत उभा राहिला. अर्ध्या तासात वरचं सगळं पाणी आमच्या बुडाखालून वाहायला लागलं. माझा एक बूट गेला तो अजून मिळालेला नाही.

रेनकोट निर्दोष आहे, बाई. दोष पोराचा आहे. त्याला माहीत होतं! माहीत असून केवळ मी रिनाचा बाप म्हणून त्याने मान डोलावली. नोकरीत अशी माणसं मी पाहिली आहेत, साहेब म्हणाला म्हणून लाइन मोकळी नसताना गाडी घ्यायला निघालेली. त्यातल्या एकाला मी स्वतः हाताला धरून केबिनबाहेर काढलं होतं. अशा होयबाच्या हाती मी पोरगी देणार नाही. उद्या ह्याची आई काहीबाही म्हणेल आणि हा माझ्या पोरीलाही असाच दरडीखाली बसवेल.

रिना आठ दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि निघून जाते. मला ते सोसवत नाही, म्हणून अश्वजितला सरळ अटी लिहून पाठवल्या. जंगलाचं काम सोडायचं, नागभीडला यायचं, माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायचं आणि माझ्या मित्राच्या सिमेंटच्या दुकानात हिशेब पाहायचे. तो हो म्हणणार, हे मला माहीत आहे. मग होयबाचा पुरावा म्हणून ते पत्र मी रिनासमोर ठेवीन आणि विषय संपवीन. तू त्याला यातलं काही सांगू नकोस, तुला माझी शपथ.

सर्दीवर काढा घेतो आहे. राग धरू नकोस, मीच पुरेसा धरला आहे.

तुझा,
धनराज

*

कुरखेडा,
९ ऑक्टोबर २०२४

आदरणीय धनराज काका यांना,
सविनय जयभीम.

आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, आम्ही मुक्कामावर होतो.

आपल्या अटी मला मान्य नाहीत. हे काम मी सोडणार नाही. ग्रामसभेला जंगलाचा हक्क मिळाला, पण जंगलात काय आहे याची नोंद नसेल तर उद्या कोणीही येऊन काहीही सांगेल. सिमेंटचं मला काही कळत नाही. आपल्या वरच्या मजल्यावरही राहणार नाही. रिनाची बदली कुरखेड्याला होईपर्यंत आम्ही दोन गावांत राहू, मी सुट्टीला येत जाईन. हे सगळं आधी तिला विचारलं आहे. यामुळे लग्न होणार नसेल तर मला फार वाईट वाटेल, पण उत्तर बदलणार नाही.

आणखी एक. त्या दिवशी आपण खाली बांधा म्हणालात तेव्हा मी ऐकायला नको होतं. आपण वडीलधारे, पहिलीच भेट, म्हणून गप्प बसलो. आपण आजारी पडलात असं गुणाबाईंकडून कळलं. चूक माझी होती. पुन्हा असं झालं तर आपण रागावलात तरी मी छप्पर हलवणार नाही.

तब्येतीला जपावं, ही विनंती.

आपला,
अश्वजित

*

नागभीड,
१६ ऑक्टोबर २०२४

ती. गुणाबाईस,
सविनय जयभीम वि. वि.

तुझ्या त्या झाडमोज्याचं पत्र आलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. एम.एस्सी. झालेल्या माणसाने शुद्धलेखनाच्या सहा चुका केल्या आहेत, मी लाल शाईने खुणा केल्या. मी फुकट देऊ केलेला वरचा मजला त्याने एका ओळीत उडवून लावला. माझ्या मित्राच्या दुकानाला तर नीट धन्यवादही दिले नाहीत. माझ्यासारख्या माणसाला इतकं स्वच्छ नाही म्हणायची हिंमत रेल्वेतही फार थोड्यांनी केली. पत्र मी तीन वेळा वाचलं.

डिसेंबरातल्या तारखा पाहून कळव. थंडीत पाऊस नसतो. मांडव मात्र पक्का घालायचा, रेनकोट ताणायचा नाही, हे त्याला माझ्या नावाने सांग.

रिनाला मी काही सांगितलेलं नाही. अजून ताट ठेवून निघून जाते, तिला काय सांगणार. हे पत्र पेटीत टाकायला तिच्याच हातात देतो आहे.

लोभ तुझा नेहमीचाच, आता चार माणसांत वाटून घे.

तुझा,
धनराज

आत्याबाई, बाबांनी लिफाफा उघडाच दिला होता. तो चिकटवायला मला अर्धा तास लागला. – रिना