मलम टिकावं म्हणून

तीर्थरूप ताई,

दोन्ही गुडघ्यांची परवानगी काढून आपल्याला साष्टांग नमस्कार. (उठताना खुर्चीची मदत घेतली.) आपला रक्तदाब उतरला असेल, आणि आपली धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, आपल्याकडे राहायला आल्यापासून तो पुन्हा चढला नसेल, अशी आशा आहे. ती चार दिवसांसाठी म्हणून निघाली, त्याला हा सहावा आठवडा. इकडे सर्व ठीक. म्हणजे मी एकटा आहे, नळ गळतोय आणि उशीच्या अभ्र्यालासुद्धा मेणाचा वास येतोय.

आपण जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलंत, म्हणून विचारतो: घरी केलेलं मलम खराब होऊ नये म्हणून त्यात काय घालावं? प्रश्न एवढाच आहे, पण मागचं सगळं सांगितल्याशिवाय मला प्रश्न विचारता येत नाही, हे आपण जाणताच.

दंतवैद्याकडे दिवसभर अवजारं धुऊन हिच्या बोटांना चिरा पडतात. तिने मला औषधाच्या दुकानातून साधी ट्यूब आणायला सांगितली होती. मी ट्यूबवरची नावं वाचली (एकही धड उच्चारता येईना) आणि निवृत्त माणसाच्या उत्साहाने घरी जाहीर केलं, की असलं विष या उंबऱ्याच्या आत येणार नाही. मग बदामाचं तेल, मेण, गुलाबपाणी आणि सगळं एकजीव व्हावं म्हणून चिमूटभर टाकणखार. डबीवर मी वळणदार अक्षरात लिहिलं, "शंभर टक्के नैसर्गिक." खोटं काहीच नव्हतं. बुरशीही नैसर्गिकच असते. दोन आठवड्यांत हिचं बोट टम्म सुजलं, चिरून पू काढावा लागला, नख गेलं, आणि कामावर तीन आठवडे खाडा झाला. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं मी अहवालांवर "जंतू आढळले नाहीत" असा शिक्का मारला, आणि जंतू पाळले ते घरात.

हिने त्रागा केला नाही. त्रागा केला असता तर बरं झालं असतं. मी मात्र चूक सुधारण्याच्या मागे लागलो. आधी इ जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून मलमात घातल्या. रसायनांच्या दुकानदाराला अभिमानाने तसं सांगितलं, तर तो वजनकाट्यावरून मान वर न करता म्हणाला, "काका, त्याने तेल खवट होत नाही एवढंच. बुरशीला त्याचं काय?" त्याने एक पांढरी पूड दिली. आठवड्याने त्या डबीवरही हिरवी लव आली. तेव्हा कळलं, की ती पूड आंबट मिश्रणातच काम करते आणि टाकणखाराने माझं मिश्रण नेमकं उलट झालं होतं. (हे त्याने आधी का सांगितलं नाही? तर मी विचारलं नाही.) तिसऱ्या वेळी पातळ औषध आणलं. चार थेंब पुरे होते. मी खबरदारी म्हणून वीस घातले आणि आधी स्वतःच्या गालावर लावून पाहिलं. न्हाव्याने दाढी करायला नकार दिला.

याच सुमारास एका सकाळी हिने बॅग भरली. "तुमचं चालू द्या," म्हणाली, "मी ताईकडे जाऊन येते." मी तेव्हा मलम ढवळत होतो. ढवळणं थांबवलं तर ते फुटतं, म्हणून दारापर्यंतही गेलो नाही. ते तरीही फुटलंच.

तर ताई, योग्य औषध आणि त्याचं प्रमाण कळवावं.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. औषधाचं नाव नाही कळवलंत तरी चालेल. सगळ्या डब्या परवाच फेकल्या. हिचं बोट आता वाकतं का, तेवढं कळवा.

आणखी एक ता. क. आपल्या डोळ्यांत औषध घातलेलं असल्यामुळे सध्या पत्रं हीच वाचून दाखवते, असं आपल्या चिरंजीवांनी फोनवर सांगितलं. म्हणून पुढचं आपल्यासाठी नाही. अगं, दवाखान्यातून येताना तू विचारलंस, "मलमावर काही दिसलं होतं का हो?" मी नाही म्हणालो. दिसलं होतं. काळा ठिपका, मोहरीएवढा. मी तो चमच्याने काढला, वरून सपाट केलं आणि डबी तुझ्या उशाशी ठेवली. एवढं ताईंना वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव.