बाईजींच्या टाचांचं मलम

२ ऑगस्ट
हंगाम बंद. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तपासायला उसाचा रस नाही, पुरुषोत्तमनगरहून दुपारीच घरी. मलमाची तिसरी खेप: तीळतेल, मेण, थोडी राळ. सु. म्हणाली, "लग्नाला वीस वर्षं झाली, कधी मला चहा केला नाहीत. आता मलम शिजवताय." या वेळी दाणे पडले नाहीत. गार होईपर्यंत ढवळलं म्हणून? की मेण चांगलं होतं?

समोरच्या बाईजींना एक डबी दिली. चातुर्मासात त्यांनी चप्पल सोडली आहे, पायाखाली जीव चिरडू नये म्हणून. रोज अनवाणी जैन स्थानकात जातात. टाचांना भेगा, रक्त येतं. त्यांचा कापड दुकानवाला मुलगा ओरडत होता, "मां, चप्पल पहनो, नहीं तो घर बैठो."

९ ऑगस्ट
बाईजी दारात. घरात मारवाडी-हिंदी बोलतात, गल्लीत अहिराणी. टाच वर करून दाखवली. "देख भाऊ, भेगा भरी गयात. तुन्हा हातमा गुण शे." लाजलो. आवडलंही.

जाताना, "यामा काय टाकस?"

"तीळतेल, राळ."

मेण राहून गेलं. विसरलो? की जिभेला आधीच कळलं होतं?

१० ऑगस्ट
जैनांना मध चालत नाही, हे लहानपणापासून माहीत आहे. बाईजी नातवाला खोकल्यातसुद्धा देत नाहीत. मग मेण? तेही पोळ्यातलंच. पण हे लावायचं आहे, खायचं नाही.

चप्पल तरी कुठे खातात?

सु.ला सांगितलं. "गप्प बसा. पाय बरे झाले ना त्यांचे?" भाजी चिरता चिरता थांबली. "पण माझ्या उपासाच्या ताटात कुणी असं काही..."

१३ ऑगस्ट
बाजार. तोरणमाळकडची मेणवाली आली होती. विचारलं, पोळं काढताना माश्या मरतात का? "धूर देतो. उडतात." सगळ्या? ती हसली. "मी मोजत नाही, साहेब." शेजारची मिरचीवाली: "मेण लेवानं शे का माशीसनं सुतक धरानं शे?" दोघी बराच वेळ हसत होत्या. मेण न घेता परतलो.

१८ ऑगस्ट
बिनमेणाची खेप. तेल वर, राळ खाली. जुन्या बाटलीतलं स्टिअरिक ॲसिड घातलं. सुंदर घट्ट झालं. मग शंका: हे पामतेलापासून केलेलं की चरबीपासून? बाटलीवर काही नाही. चरबीचं असेल तर मी माशीवरून गाईवर आलो. ओतून दिलं.

शेवटी नुसतं तेल आणि राळ नेऊन दिली. "पातळ का रे?" "उकाड्यानं, बाईजी." हे मात्र सरळ खोटं.

२८ ऑगस्ट
भेगा पुन्हा उकलल्या. स्थानकाहून येताना बाईजी भिंतीला धरून चालत होत्या. मुलगा माझ्याकडे आला, "भैया, आप समझाओ, आपकी सुनती है." बाईजी मागून, "समजाडू नको. पहिलावालाच मलम दे. पर्युषण येस."

मेणाच्या त्या खेपेची एक डबी कपाटात होती. सांगितलं तर त्या घेणार नाहीत आणि चप्पलही घालणार नाहीत. पर्युषणाचे आठही दिवस घरी बसावं लागेल. न सांगता दिलं तर...

दिली. या वेळी "विसरलो" असं लिहिता येत नाही.

४ सप्टेंबर
बाईजी भिंत न धरता चालतात. मी खिडकीतून पाहतो. आनंद होतो. व्हावा का, ते कळत नाही. ज्या व्रतासाठी चालताहेत, तेच मी टाचेपासून मोडतोय. की ज्याला माहीत आहे त्याच्या माथी दोष, त्यांच्या नाही? हे विचारावं अशा एकच माहितगार आहेत, त्या म्हणजे बाईजी.

८ सप्टेंबर
संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस. दिवस मावळताना बाईजी आल्या. निर्जळी उपास, ओठ सुकलेले. माझ्यापुढे हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, भाऊ. जाणता-अजाणता मन्हं काही चुकनं व्हई तर माफ कर."

माझ्या आईच्या वयाची बाई. मला माफी मागते.

"बाईजी, त्या मलमात..."

त्यांनी हात वर केला. "आज मागानं मन्हं. तुन्हं काय शे ते सकाळे सांग."

पदराआडून डबी काढून माझ्या हातात दिली. रिकामी. घासून धुतलेली.

सु. म्हणते, भरून हवी असेल. मला वाटतं परत केली. डबी हुंगून पाहिली. इतकी घासूनही मेणाचा वास आहे. त्यांना आला नसेल? आला असेल तर कधी? पहिल्या दिवशी? मग लावत का राहिल्या?

९ सप्टेंबर
सकाळ. बाईजी ओट्यावर बसल्यात, पाय उन्हात पसरून. टाचा इथून तरी बऱ्या दिसतात. पारणं झालं असावं. आमच्या दाराकडे बघताहेत.

डबी भरली नाही. मेणाचा उरलेला तुकडा कागदात बांधून खिशात घेतलाय. दाखवला की बोलावं लागेल. "बाईजी" इथपर्यंत वाक्य येतं, पुढचं येत नाही.

सु.: "लिहीत काय बसलात? त्या केव्हाच्या थांबल्यात."

गल्ली दहा पावलांची. चप्पल घालू, की तसाच जाऊ?