सर्व धनको सारखे

॥ श्रीकृपा ॥
ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्याच्या कृपेने शब्द सुचतो त्याचे स्मरण करून विषयाकडे वळतो. भिंगांचा कारखाना बंद करून तू नादारीचा अर्ज करणार, हे वाचल्यापासून पोथीत मन लागत नाही. तरी धीर सोडू नकोस. दिवाळखोरीच्या कायद्याचा इतिहास लिहिण्यात माझी निवृत्ती चालली आहे. 'दादांचे बुडीतपुराण' हे नाव तूच ठेवलेस. त्याचे सार ऐक. प्रारंभी ऋणकोचा देहच तारण असे. फेड झाली नाही की तुरुंग. आत पडलेला मनुष्य कमावणार कसा, हे कित्येक पिढ्यांना सुचले नाही. पुढे सर्वस्व स्वाधीन करणाऱ्यास सोडावे असे ठरले, पण ते केवळ व्यापाऱ्यांस, आणि शहरागणिक निराळे. अखेर सबंध देशास एकच कायदा झाला आणि प्रामाणिक नादार पुन्हा माणसांत आला. तेव्हा सारे उघड सांग. आपल्या अक्काचा दमा कसा आहे?

तुझा हितचिंतक,
दादा

ता. १३ फेब्रुवारी

ती. दादांना सा. न. वि. वि.

घासणीची चाकं थांबली. नखांतली भिंगं चकचकीत करायची लाल पूड मात्र अजून निघत नाही. परवा किंमत ठरवणारे गृहस्थ आले आणि प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवत सुटले. मी बसलो होतो त्या स्टुलावरही एक लावली. मी पटकन उठलो, म्हटलं आता माझ्यावरही लावतील.

अक्काला दम लागतो, पण ती सुखात आहे. अर्जाआधी मी एक चांगलं काम केलं. भाऊजी गेल्यावर मिळालेले पैसे तिनं माझ्या कारखान्यात घातले होते. बँक आणि उधारीवर काच देणारे काचवाले मोठे आहेत, सोसतील, असं म्हणून खात्यात होतं नव्हतं ते सगळं तिला देऊन टाकलं. घरमालक तिला काढायलाच बसला होता. त्या पैशांत तिनं राहती खोली विकत घेतली. एवढं तरी हातून बरं झालं.

आता अर्जात विचारलंय, वर्षभरात नातेवाइकाला काही दिलंत का? वकील म्हणाले, थोरल्या भावालाच विचारा, त्यांचा अभ्यास आहे. दादा, लिहू की नको?

माया पातळ होऊ देऊ नका.
धाकटा

॥ श्रीकृपा ॥
ता. २० फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

उत्तर तीनदा लिहून फाडले. त्या प्रश्नाचा इतिहास मला पाठ आहे. पूर्वी बुडणारा व्यापारी आधी मेहुण्याला, भावाला वाचवी. त्याला सूत विकणारी परकी विधवा दाराबाहेर उभी राही. म्हणून कायद्याने ठरवले की एका पायरीवरचे सर्व धनको सारखे, आणि बुडण्याच्या तोंडावर आप्तांना दिलेले परत यावे. माझ्या ग्रंथातील हे प्रकरण मला सर्वांत प्रिय. त्या परक्या विधवेसाठी केलेला नियम आज आपल्या विधवा बहिणीच्या दाराशी आला आहे. कायद्याला नाते दिसते ते केवळ संशयाने.

लपवलेस तरी बँकेच्या नोंदीत सापडेल. मग ऋणातून तुझी सुटका हुकेल आणि अक्काची खोलीही वाचणार नाही. माझे निवृत्तिवेतन भाड्यात आणि औषधांत संपते, भर घालण्यास हाती काही नाही. प्रभूला साक्ष ठेवून लिही.

दादा

ता. ९ नोव्हेंबर

ती. दादांना नमस्कार.

तुम्ही म्हणालात तसं लिहिलं. कोर्टानं रक्कम परत मागितली, खोली विकली गेली. अक्का चहाची किटली तेवढी पदराखाली धरून बाहेर आली. आता तीही धनको म्हणून काचवाल्यांच्या रांगेत आहे. वकील म्हणतात, शंभरातले चार मिळाले तर नशीब.

माझा सुटकेचा हुकूम काल झाला. आता कोणी माझ्याकडे काही मागू शकत नाही. हुकूम वाचला आणि अंथरुणावरून उठवेना. अक्का माझ्याकडे राहायला तयार नाही. रविवारी तुमच्याकडे पाठवतो.

धाकटा

॥ श्रीकृपा ॥
ता. २६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

अक्का सुखरूप पोहोचली. माझ्या दोन खोल्या तू पाहिल्याच आहेस. पलंगावर, खुर्चीवर, खिडकीत, सर्वत्र ग्रंथाचे कागद. काल तिने ते सारख्या धनकोंचे प्रकरण वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. मन लावून ऐकले तिने. दोन शब्दांचे अर्थ विचारले, मी सांगितले. मग शांतपणे म्हणाली, "दादा, बरोबर आहे सगळं. मी असते तर हेच लिहिलं असतं. पण मी आता बसू कुठे, ते सांग."

मी खुर्चीवरचे कागद उचलले. ती बसली नाही. भिंतीला टेकून उभीच राहिली, आणि दम लागला तेव्हा जमिनीवर बसली. खुर्ची अजून रिकामी आहे. कागद परत त्यावर ठेवण्याचे धैर्य मला होत नाही, पुढचे प्रकरणही सुचत नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. तिचाही नसावा, पण ते मी तिला विचारलेले नाही.

हे पत्र ज्यांच्या ज्यांच्या हाती पडेल, ते देणेकरी असोत वा घेणेकरी, त्या सर्वांच्या डोक्यावरचे छप्पर तो कृपाळू सांभाळो. इति आशीर्वाद.

दादा