छत्री विसरू नका

३ जून
सर्व देवतांना साक्षी ठेवून तक्रार नोंदवतो: पक्ष्यांचा अभ्यास करायला समुद्र ओलांडून आलो, आणि या अभ्यासकेंद्रात चहाची गाळणी नाही. चहापत्ती अडकलेल्या दातांनी दंत्य वर्ण कसे उच्चारावेत, याचा विचार आमच्या एकाही संस्कृत व्याकरणकाराने केलेला नाही. बाकी बेट दृष्ट लागण्यासारखं. न्हाणीघरात खेकडे, छपरावर सरडे, आणि पहाटेपासून पाखरांची शाळा. चोपन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. निघताना लेक चिडवत होती, की बाबा, डबा संपवा आणि वर्गात भांडू नका.

५ जून
इथला नियम: घराबाहेर अक्षर बोलायचं नाही. गळ्यात पाटी, खिशात खडू. मार्गदर्शक बाई म्हणतात, इथला एक राखी पक्षी ऐकलेला आवाज उचलतो. मग ध्वनिमुद्रणं बिघडतात. स्वयंपाकीण तर घरातही पाटीवरच बोलते. मीठ जास्त झालंय असं नम्रपणे सुचवलं, तर तिनं भलंमोठं शून्य काढून दाखवलं. माझ्या जिभेचे गुण.

९ जून
मोबाइलला रेंज फक्त मागच्या व्हरांड्यात. डोक्यावर छप्पर आहे, अर्थात व्हरांडा घरातच मोडतो. शास्त्रार्थाला मी तयार आहे. रोज सकाळी तिथं लेकीचा निरोप ऐकतो: बाबा, जेवलात का? मग हिचा. ही जाऊन सहा वर्षं झाली. मागे राहिला अकरा सेकंदांचा आवाज: येताना दूध आणा, आणि छत्री विसरू नका. जन्मभर मुलांकडून स्तोत्रं घोकून घेतली. माझं स्वतःचं नित्यपारायण एवढंच.

१४ जून
आज झाडातून ही म्हणाली, छत्री विसरू नका. शेवटी किंचित वैतागलेला, तोच सूर. खोटं कशाला लिहू, आनंदानं रडलो.

१६ जून
फोनमधला तिचा निरोप मुका झाला आहे. अकरा सेकंद सरकतात, आवाज नाही.
स्वयंपाकिणीला सांगितलं. तिनं पाटीवर लिहिलं, की तो पक्षी नक्कल करत नाही, आवाजच नेतो. तिच्या बहिणीचा आवाज नेला, आणि आठवड्यानं बहीण गेली. हाक आली तर ओ द्यायची नाही. जो ओ देतो, तोही जातो.
पाटी पुसून तिनं विचारलं: व्हरांड्यात आणखी कुणाला ऐकलंत?

१७ जून
लेकीनं आज लिहून कळवलंय. आवाज पार गेलाय. ताप नाही, दुखत नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. बरंच झालं म्हणते, आता तुम्हालाच बोलावं लागेल.
झाडात — बाबा, जेवलात का?

२१ जून
बोट पंचवीसला. त्याआधी नाही. लेकीला तासातासाला लिहितो. उत्तरं आखूड होत चालली आहेत. काल नुसतं "हो". आज —

२४ जून
सकाळपासून तिचा फोन कुणी उचलत नाही.
झाडातला आवाज आता निरोपातलं बोलत नाही. बाबा, इथं पाऊस आहे. बाबा, आई विचारतेय, छत्री आणलीत का?
गाळणी, शास्त्रार्थ — पुरे झालं. भीती त्या पक्ष्याची नाही. तिचा आवाज मीच व्हरांड्यात नेऊन — आणि आता म्हणे ओ द्यायची नाही. लहानपणापासून तिच्या एकाही हाकेला ओ न देता मी —
पुन्हा हाक.
तिला वाटेल, बाबांना ऐकूच —