आकडा तेवढा वाचा

३ मार्च, मंगळवार
पुन्हा तोच मेसेज. परदेशातली लॉटरी लागली म्हणे! मुलीला फोन केला. "बाबा, तिकीट काढलं होतं का? मग लागेल कशी? पुसून टाका." पुसला. हिला बजावलं — कोणाला काही सांगू नकोस. ही म्हणते, "पण नाव तर आपलंच घेतलंय." जीवाला नुसता घोर.

५ मार्च
हिच्या मोतीबिंदूला डॉक्टरांनी वीस तारीख दिली. साठवलेल्यात एकच डोळा होतो. ही म्हणाली, "पुरे की. तुमच्याकडे बघायला अर्धाही चालेल."
बरीच वर्षं हसलो नव्हतो असं वाटलं.

८ मार्च
गुडघा धरलाय. पडून होतो. ही गॅलरीतून फोन घेऊन आली. "अहो, आत्ता आलेला आकडा तेवढा वाचा, औषधवाला खोळंबलाय." नेहमीचंच. औषधं घरी पोचवताना तो आकडा विचारतोच. बाकी सगळं इंग्रजीत होतं, त्यात माझी बोंब. आकडे येतात. वाचला. तिने फोनवर सांगितला. मी कूस बदलली.

१० मार्च
औषधं आलीच नाहीत. दुकानात गेलो. "काका, मी कुठे आकडा पाठवला?"
तसाच बँकेत. खात्यात काही नाही. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आकडा कोणी सांगितला?" मी म्हटलं, मी. खोटं नाही ते. लगेच कळवलं असतं तर अडवता आलं असतं, म्हणाल्या. तक्रार लिहून घेतली.
घरी येऊन हिला विचारलं, परवा फोनवर कोण होतं? हिचा चेहरा उजळला. "लॉटरीवाले साहेब. रोज विचारतात, आजी, डोळे कसे आहेत? तुम्ही आडवे आला असता म्हणून बोलले नाही. आता दोन्ही डोळे एकदम करू."
मी तोंड धुवायला गेलो. बराच वेळ नळ सोडून उभा.

११ मार्च
डॉक्टरांकडे कळवलं, वीस तारखेला जमत नाही. जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय म्हणालो.

१४ मार्च
फोन वाजला. बँकेचा मेसेज, या वेळी मराठीत, तक्रार पोचल्याचा. ही हात पुसत आली. "साहेबांचा का? वाचा ना."
वाचून दाखवला — बक्षीस रद्द झालं आहे, तसदीबद्दल माफी असावी.
ही म्हणाली, "कळवलं तरी बिचाऱ्यांनी. माणसं सज्जन."