पासलीचा हिस्सा

६ जानेवारी, सकाळ
निवड झाली! मानवी हक्क आणि कायद्याचं शिक्षण, ऑनलाइन, फुकट. केनिया, फिलिपिन्स, नेपाळ, पेरू आणि सारोळे. शिकवणाऱ्या ग्रेसमॅडम नैरोबीच्या आहेत. ओळख करून देताना त्या 'इंडिया' म्हणाल्या, मी लगेच 'सारोळे, तालुका भोर' अशी दुरुस्ती केली. त्यांनी लिहून घेतलं.
बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, नोकरी आहे का? म्हटलं, नाही, पण जागतिक आहे. ते म्हैस धुवायला गेले.
प्रत्येकीनं आपल्या भागातला हक्काविरुद्धचा एक निर्णय बदलून दाखवायचा. ज्यांचं काम चांगलं, त्यांना पुढच्या ट्रेनिंगला नैरोबीला नेणार. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. घरातला पहिला पासपोर्टही माझाच असणार. फोटो काढून ठेवावेत का?

१० जानेवारी
विषय शोधायला कुठं जावं लागलं नाही. तो मोटरसायकलवरून घरी आला.
रायबामामा आले होते, आईचे धाकटे भाऊ. आजोबा गेल्यावर आईच्या माहेरच्या, पासलीच्या जमिनीवर वारस म्हणून तिघांची नावं लागली: मामा, आई आणि भामामावशी. रस्त्याकडेचं भाताचं खाचर मामांना पुण्याच्या एका पार्टीला विकायचंय. पार्टीला सातबारा एकट्या मामांच्या नावाचा हवाय. म्हणून दोन्ही बहिणींनी हक्कसोड करून द्यायची, म्हणजे कचेरीत जाऊन माहेरच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला लिहून द्यायचा. बदल्यात साडी, चोळी आणि जेवण. आमच्याकडं याला कुणी अन्याय म्हणत नाही. रीत म्हणतात.
मी मामांना शांतपणे सांगितलं की बहिणींचा हिस्सा भावाइतकाच असतो. मामा चहा फुंकत म्हणाले, "आगं वकीलसाहेब, म्या कुठं न्हाई म्हनलं? त्यांचा हाय म्हनूनच तर मागतुय."
या वाक्यावर पुढं काय बोलायचं, ते अजून शिकवलेलं नाही.
आई म्हणाली, "बगू." आईच्या भाषेत 'बघू' म्हणजे हो. पण कायद्याच्या भाषेत 'बघू' ही संमती होत नाही. म्हणजे अजून वेळ आहे.
आईच्या नावावर जगात काहीच नाही. घर बाबांच्या नावावर, म्हैस बाबांच्या नावावर. मोबाईलचं सिमसुद्धा माझ्या भावाच्या, अमृतच्या, आधारकार्डावर. आज मला हे पहिल्यांदा दिसलं. पासलीचा हिस्सा आईला मिळालाच पाहिजे. नैरोबीचं नंतर बघू.
(इथं 'बघू' म्हणजे नंतरच.)

१४ जानेवारी, संक्रांत
संकल्प: आज भांडायचं नाही, फक्त शिक्षण.
तिळगूळ वळता वळता आईला समानतेचं कलम समजावलं. ती म्हणाली, पाक गार होतोय.

१८ जानेवारी
क्लासमध्ये हक्कसोडीबद्दल बोलले. वाटलं होतं, सगळ्या हादरतील. ग्रेसमॅडम म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या गावात बहिणींना लिहूनही द्यावं लागत नाही, त्यांना वारसांत धरतच नाहीत. फिलिपिन्सची मारिसेल म्हणाली, तिच्या आत्यानं भावासाठी असंच सोडलं होतं, वर भावाच्या घरी पाया पडून आली.
वाईट वाटलं. आपला अन्याय निदान आपला तरी असेल, अशी समजूत होती.
मारिसेलला विचारलं, मग आत्याचं काय झालं? म्हणाली, काही नाही, अजून भावाकडं सणाला जाते. हे तिनं चांगल्या अर्थानं सांगितलं की वाईट, ते कळलं नाही. तेवढ्यात माझं नेट गेलं.

२६ जानेवारी, दुपार
झेंडावंदनानंतर समाजमंदिरात बायकांसाठी कायदा-प्रशिक्षण घेतलं. आईला पहिल्या रांगेत बसवलं. अमृतला व्हिडिओ काढायला सांगितला, कारण क्लासला पुरावा लागतो. गर्दी उत्तम. निम्म्या बायका गॅसच्या सबसिडीचं काही आहे असं समजून आल्या होत्या. पण गर्दी ती गर्दी.
अर्धा तास बोलले. आवाज एकदाच फाटला. प्रश्न एकच आला. शेजारच्या सगुणाबाईंनी विचारला: भावानं बोलणं टाकलं तर त्याला कोणतं कलम लागतं?
म्हटलं, बघून सांगते. सगळं पुस्तक पाहिलं. नाही.
शेवटी विचारलं, माहेरचा हिस्सा कोण कोण मागणार? एक हात वर झाला. मला भरून आलं. त्या बाईंना दूध घालायला डेअरीवर जायचं होतं.
तरीही सुरुवात म्हणून समाधानकारक. बीज पडलं.

२ फेब्रुवारी
पालीला, भामामावशीच्या सासरी गेले. नसरापूरला उतरून वेल्ह्याची एसटी, पुढं एका वडापच्या जीपमध्ये पाय दुमडून. भामामावशी राजगडावर येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी आणि ताक विकते. काका गेल्यापासून दिरांच्या घरात एका खोलीत राहते. तिला जमीन हवी असणार, हा माझा हिशेब होता. आणि तो बरोबर निघाला!
मावशी भाकरी थापत म्हणाली, "म्या न्हाई सही देत. मला पायजे माजं." असं स्पष्ट. परातीवरून डोळेसुद्धा न उचलता.
मी तिला मिठी मारली. पीठ लागलं.
निघताना तिनं हळूच एक अट घातली: "ताई न्हाई म्हनली तर म्याबी न्हाई म्हनंन."
घरी येऊन आईला सांगितलं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, भामा आधी नाही म्हणाली तर बघू.
म्हणजे दोघीही तयार आहेत. फक्त आधी कुणी म्हणायचं, एवढाच तांत्रिक मुद्दा उरलाय. ग्रेसमॅडमना कळवलं: चळवळ दुसऱ्या तालुक्यात पोहोचली.

८ फेब्रुवारी
मामा आले आणि घरात आले नाहीत. अंगणातच उभे. आईनं पाणी नेलं तर घेतलं नाही. आई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. मामा आवाज न चढवता बोलले, ते जास्त वाईट होतं.
"हिस्सा घ्या की अक्का. कायद्यानं तुमचाच हाय. म्या काय आडवा येत न्हाई. पन मंग दिवाळीला न्यायलाबी कायद्यालाच बोलवा."
मी मध्ये पडून सांगितलं की हे दबाव आणणं आहे आणि दबावाखाली घेतलेली सही टिकत नाही. मामा म्हणाले, दबाव कसला, भाऊबीज माझी, मी पाहिजे तिला घालीन.
गेले. आईनं तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं. रात्री जेवली नाही.
मी दुप्पट जेवले. कुणीतरी ताकद राखायला हवी.

१२ फेब्रुवारी
आईशी मोकळेपणानं बोलले. म्हणजे मी बोलले. शेवटी तीच थांबवून म्हणाली, "मला जमीन नको व्हय? मलाबी पायजे. रोपं लावून लावून माजी कंबार गेली त्या खाचरात. पन भाऊबी पायजे."
म्हटलं, दोन्ही मिळेल. आत्मविश्वासानं म्हटलं. कशावरून म्हटलं, ते माहीत नाही.
मग एक कल्पना सुचली, आतापर्यंतची सर्वांत चांगली. कचेरीत साहेब प्रत्येकीला तोंडानं विचारतात: स्वखुशीनं करताय का? तिथं एका शब्दात सगळं थांबतं. म्हणून आजपासून सराव. मी साहेब होऊन खुर्चीवर बसते, आई समोर उभी राहते आणि 'न्हाई' म्हणते.
पहिल्यांदा ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. दुसऱ्यांदा म्हणाली, न्हाई हो साहेब, राग मानू नका. तिसऱ्यांदा 'व्हय' म्हणाली आणि स्वतःच जीभ चावली.

१५ फेब्रुवारी
प्रगती. आज गोठ्यात आई धार काढताना म्हशीला म्हणत होती, "न्हाई. न्हाई. खुशीनं न्हाई." मी दाराआडून ऐकलं. आवाज खणखणीत. इतका मोठा आवाज मी आईच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. म्हैससुद्धा वळून बघत होती.
मला रडू आलं. पहिल्यांदाच वाटलं की हे खरंच होईल.

१८ फेब्रुवारी
थोडी अडचण. अमृतनं माझ्या प्रशिक्षणाचा व्हिडिओ मामांना पाठवला. त्याचं म्हणणं, मामांनी मागितला, नाही कसं म्हणायचं. मामांनी तो त्यांच्या वकिलाला दाखवला. वकील फार खूश झाले. जपून ठेवा म्हणाले. यात आई पहिल्या रांगेत बसून आपला हक्क काय ते नीट ऐकताना दिसते, मान हलवताना दिसते. उद्या ती म्हणूच शकणार नाही की मला माहीत नव्हतं, फसवून सही घेतली.
मामांनी मला फोन करून आभार मानले.
म्हणजे माझ्या व्हिडिओनं मामांची बाजू पक्की झाली. पण माहितीचा प्रसार हा प्रसारच असतो. शिवाय आई सही करणारच नाही, त्यामुळे व्हिडिओचा प्रश्नच येत नाही.
अमृतशी बोलणं बंद. जेवणापुरतं चालू.

२२ फेब्रुवारी
क्लासमध्ये विचारलं: मामांनी सोमवारी सह्यांसाठी कचेरीत बोलावलंय, मी काय करू? ग्रेसमॅडम म्हणाल्या, जिचा हक्क तिच्या वतीनं आपण कधी बोलायचं नाही. तिला जागा द्यायची. तिचा निर्णय तिच्याच तोंडून आला पाहिजे. नाहीतर आपणही दुसरे मामाच.
वहीत अधोरेखित केलं. फार मोठं वाक्य आहे. मी गेले दीड महिना किती बोलले! आता सोमवारी एक शब्द नाही. आईचा आवाज तयार आहे.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
कचेरीत गेलो. मावशी आधीच आलेली, शेजारी मामी बसलेली, मावशीच्या मांडीवर नवीन साडीची पिशवी. आम्ही पोहोचायच्या आतच तिनं अंगठा दिला होता. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. साडीच्या घड्या नीट करत बसली.
ठीक. आई राहिली होती. तिच्या एकटीच्या नकारानंही व्यवहार अडला असता.
साहेब चांगले होते. घाई केली नाही. आईला समोर बसवून सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बाई, हे स्वखुशीनं करताय का? कुणाचा दबाव नाही ना? नको असेल तर आत्ता सांगा."
मी सरावात विचारायचे, अगदी तसंच.
आई लगेच बोलली नाही. बराच वेळ. मला जाणवलं की हाच तो क्षण आहे, आणि इथं मी तिच्यावर ओझं व्हायचं नाही. मी मुद्दाम मान खाली घातली. माझ्या चपलेचा अंगठा उसवलाय, तो बघत राहिले. हे खूप अवघड होतं, पण मी केलं. क्लासमधल्या कुणालाही हे इतकं शिस्तीत जमलं नसतं.
मग आई म्हणाली, "व्हय. खुशीनं."
आवाज अगदी लहान होता.
मामांच्या ओळखीचा दुसरा साक्षीदार आलाच नाही, त्याचा टेम्पो कात्रजला बंद पडला. साहेबांनी विचारलं, सुशिक्षित कुणी आहे का? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सही केली. पूर्ण नाव, सोनियापासून आडनावापर्यंत.
नंतर हॉटेलात जेवण. मामांनी आईला स्वतःच्या हातानं वाढलं, अक्का अजून एक पोळी, अक्का आमटी घे. त्यांचे डोळे पाणावले होते. वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत आहे. आईनं अर्धी पोळी खाल्ली.

२५ फेब्रुवारी
खूप विचार केला. निकाल बाजूला ठेवला तर प्रक्रिया निर्दोष होती. आईला पूर्ण माहिती होती. तिला विचारलं गेलं. तिनं स्वतः उत्तर दिलं. कुणीही तिच्या वतीनं बोललं नाही. असाच रिपोर्ट लिहून पाठवला.
दुपारी ग्रेसमॅडमचा मेसेज: मनाला भिडलं, नैरोबीच्या यादीत तुझं नाव घेतलंय.
आनंद झाला असावा. आईला सांगितलं. ती म्हणाली, लांब हाय का? म्हटलं, खूप.

२७ फेब्रुवारी
आज आई अंगणात तांदूळ निवडत होती, मी शेजारी बसले. ती खाली बघूनच बोलली, रागानं नाही.
"सायबांनी इचारलं ना, तवा म्या तुज्याकडं पायलं."
मी सुपातला एक खडा उचलला.
"तू खाली बगत हुतीस. म्या लई येळ थांबले. मंग म्हनलं, हिलाबी नको आसंल."
मी तिला समजावून सांगितलं. तुझ्या वतीनं मी बोलायचं नसतं, निर्णय तुझा, म्हणून मी मुद्दाम मान वर केली नाही. सगळं सांगितलं, ग्रेसमॅडमच्या शब्दांत, सोप्या मराठीत.
तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.
मग सूप हातात घेऊन उठली आणि म्हणाली, "बोलायचं नव्हतंच गं. नुसतं बगायचं हुतं."