उद्या आमच्या शेताची कापणी

तेवाताई,

तुझ्या न्यांदेचा नमस्कार. आम्ही मजेत आहोत. भात छान पिकलंय. आईचा गुडघा कसा आहे?

आपल्याकडे ओळीनं कापतात. इथे सासरी अख्खं गाव शेताला वेढा घालून आत आत कापत येतं. मधला तुकडा लहान होत जातो, तसे उंदीर आणि त्यांच्या मागचे साप तिथेच गोळा होतात. तो शेवटचा तुकडा ज्याचं शेत त्याच्या घरातल्या बाईनं एकटीनं कापायचा. तुकडा संपेपर्यंत ढोल वाजतो, आणि तो वाजतोय तोवर जागा सोडायची नाही.

परवा शेजारच्या शेतात त्या शेवटच्या तुकड्यातून काळा नाग निघाला. बायका ओरडल्या, "अगं, पाहुणा आलाय, बसायला दे त्याला!" मीही हसले. पण तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाय टाकताना आधी खाली बघते.

उद्या आमचं शेत. सासूबाईंचा पाय सुजलाय. म्हणाल्या, "सूनबाई, विळा तू घे. सातवा महिना लागला म्हणून काय झालं? मी नवव्यात कापलंय."

ढोल आमचे हेच वाजवणार. सकाळी ते ढोलाचं कातडं ताणत होते, तेव्हा विचारलं, "मी ओरडले तर थांबवाल ना?"

"वेडी का तू? मध्येच थांबवला तर गाव तोंडात शेण घालेल माझ्या," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता दोऱ्या आवळत बसले.

ताई, यातलं काही आईला वाचून दाखवू नकोस. तिला एवढंच सांग, उद्या ढोल वाजवायचा मान तिच्या जावयाचा आहे. तिला केवढा आनंद होईल.

तुझी,
भित्री न्यांदे